चिठ्ठीची मागची बाजू

२२ ऑगस्ट १९४३, रविवार. तामलवाडी.

आज सकाळी दहाच्या सुमारास इथे पोचलो. मी, जगदेवी आणि रेवण. येरमाळ्याहून निघताना एवढे सामान मावणार कसे याची मला काळजी होती. पण सगळे एकाच गाडीत मावले आणि वर पाळणाही बांधता आला. रेवण आता पाळण्यात झोपत नाही, पाय बाहेर येतात. तरी जगदेवीने तो आणलाच.

इथल्या करोडगिरी (जकात) नाक्यावर मला मुन्शीची जागा मिळाली आहे. नाका ओलांडून सोलापूरच्या बाजूला गेले की निजाम सरकारची हद्द संपते आणि इंग्रजांची लागते. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक गाडीची चिठ्ठी लिहायची, हे माझे काम. माझी शाळा उर्दू चौथीत सुटली. मराठी अक्षर मठातल्या स्वामींनी घटवून घेतले. एक वेलांटी चुकली तरी ते सगळी पाटी पुसायला लावत. रोज थोडे लिहीत जा, नाहीतर हात विसरेल, असे त्यांनी सांगितले होते. म्हणून ही वही.

घर चांगले आहे. दोन खोल्या, मागे परडे आणि उकिरडा. समोर एकच घर, त्यात हरणाबाई नावाची म्हातारी एकटी राहते. आम्ही गाडी सोडेपर्यंत ती भाकरी आणि पिठले घेऊन आली. बोलता बोलता कानडीत शिरते, त्यामुळे जगदेवीला माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले. अगं बया, लेकरू हाय की, किती सालांनी या बोळात लेकराचा आवाज आला, असे म्हणून तिने हात पुढे केले आणि रेवण गेला. तो परक्याकडे कधी जात नाही.

नाक्याचा शिपाई दगडोबा सामान उतरवायला आला होता. म्हणाला, मुन्शीजी, हितं कोंबडी हद्द वलांडून गेली तरी तिला चिठ्ठी लागती, आन् कोंबडी परत आली न्हाय तर जबाब दगडोबानं द्यायचा. सगळे हसले. मीही हसलो.

२५ ऑगस्ट, बुधवार.

आतली खोली रेवणची करायची ठरवले. दोन दिवस चुना भिजत घातला होता. आज मी भिंतींना दोन हात दिले, दुसऱ्यात थोडी नीळ टाकली. वाळल्यावर जगदेवीने गेरूने पोपट, हत्ती आणि ज्वारीची कणसे काढली. हत्तीला तिने पाच पाय काढले. मी मोजून दाखवल्यावर म्हणाली, एक सोंड आहे, तुमच्यासारखी माणसे हत्तीलाही तपासतील. दारासमोरच्या भिंतीवर मी काजळीने 'रेवणसिद्ध' असे लिहिले. खाली दोरी धरून ओळ सरळ ठेवली.

हरणाबाईने जुन्या लुगड्याच्या पाच चिमण्या शिवून आणल्या. त्या आढ्याला टांगल्या. तिला मूल झाले नाही. नवरा जाऊन पंचवीस वर्षे झाली. हे तिने चिमण्या टांगता टांगता सांगितले, जसे कोणी उन्हाविषयी सांगावे.

३० ऑगस्ट, सोमवार. पोळा.

गावात बैलांची मिरवणूक निघाली. रेवण माझ्या खांद्यावर होता. प्रत्येक बैलाला 'बाबा' म्हणाला. दगडोबा म्हणाला, मुन्शीजी, पोरानं तुमाला बरुबर वळखलंय.

घरी येऊन त्याला भिंतीला टेकवून उभे केले आणि डोक्याशी कोळशाची रेघ मारली. नाक्यावरच्या कापड मोजायच्या गजाने मोजले. बत्तीस इंच. दात बारा. शब्द अकरा: अव्वा, बाबा, हला (दूध), माऊ, काऊ, पापा, दे, नको, जा, चिमी, हना (हरणाबाई). दर अमावास्येला असेच मोजायचे ठरवले आहे. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षाच्या अमावास्येला, त्याला तिथीने दोन वर्षे पूर्ण होतील.

कारण लिहून ठेवतो. याआधी आमची दोन मुले गेली. मुलगी बावीस महिन्यांची, मुलगा तेवीस महिन्यांचा. दोघांनाही दुसरी येळवस दिसली नाही. आम्ही दोघे याविषयी बोलत नाही.

१२ सप्टेंबर, रविवार.

काम अंगवळणी पडले. नाक्याच्या चिठ्ठीला दोन बाजू असतात. पुढची बाजू जावक, मागची आवक. कोणी बैल घेऊन सोलापूरच्या बाजाराला निघाला तर पुढच्या बाजूवर बैलाचा रंग, शिंगे, खूण लिहायची. बैल परत आला की तीच चिठ्ठी मागच्या बाजूने भरायची आणि अंगठा घ्यायचा. मागची बाजू कोरी राहिली तर बैल पलीकडचा झाला. मग तो माणूस दारात उभा राहून हा माझाच बैल म्हणून रडला तरी उपयोग नाही. काल एक जण असा रडला. मला वाईट वाटले, पण नियम चांगला आहे.

२९ सप्टेंबर, बुधवार. अमावास्या.

साडेबत्तीस इंच. शब्द चौदा. रेवण रोज दुपारी हरणाबाईकडे असतो. ती त्याला उंबऱ्यावर बसवून लाह्या चारते.

२८ ऑक्टोबर, गुरुवार. लक्ष्मीपूजन.

जगदेवीने दारात शेणाचे गोकुळ केले. मी मातीचा किल्ला केला, त्याला चार बुरूज. रेवणने किल्ला पाहिला नाही. परवापासून ताप आहे. तेहतीस इंच, निजवून मोजले. पणत्या लावल्या. मुलगी गेली तेव्हाही पणत्यांचेच दिवस होते.

३० ऑक्टोबर, शनिवार.

ताप उतरत नाही. वैद्याने काढा दिला, तो ओकून टाकतो. दुपारी हरणाबाई आली. जगदेवीला म्हणाली, पोरी, याला उकिरड्यावर टाक आन् मला वीक. चांगल्या नावाचं, रंगवलेल्या खोलीतलं लेकरू मरणाला लांबून दिसतं. उकिरड्यावरचं कोण बघतंय?

हा प्रकार आमच्याकडे जुना आहे. पोर सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचे. दुसऱ्या बाईने बेवारस म्हणून उचलायचे, माझे म्हणायचे, आपल्या उंबऱ्याच्या आत न्यायचे. मग आईने सूपभर कोंडा देऊन ते मागून घ्यायचे. त्याचे नाव तिप्पण्णा ठेवायचे. कानडीत तिप्पे म्हणजे उकिरडा. आधीच्या दोघांच्या वेळी मी हे अडाणीपणाचे म्हणून होऊ दिले नाही. या वेळी हो म्हणालो.

३१ ऑक्टोबर, रविवार.

सकाळी आठ वाजता केले. जगदेवीने त्याला सुपात निजवले, उकिरड्यावर ठेवले आणि मागे न बघता निघून आली. हरणाबाई वाटेने जात असल्यासारखी आली. कुणाचं गं हे लेकरू, म्हणून तिने तीनदा विचारले. कोणी बोलले नाही. मग तिने उचलले.

मला राहवले नाही. तोंडी व्यवहारावर माझा विश्वास नाही. कोणी विचारायला आलेच तर दाखवायला कागद हवा, असे वाटले. जगदेवी रागावली. म्हणाली, असल्या गोष्टी तोंडाने करायच्या असतात, उद्या माझीही चिठ्ठी फाडाल. तरी मी नाक्याच्या कोऱ्या चिठ्ठीवर पुढच्या बाजूला लिहिले: 'जावक. मुलगा एक. रेवणसिद्ध. वय बावीस महिने. उंची तेहतीस इंच. खूण, डाव्या कानामागे तीळ. देणार कल्याणप्पा. घेणार हरणाबाई. किती काळाकरिता: कायम.' या शेवटच्या रकान्यापाशी थोडा थांबलो होतो. पण मरणाला फसवायचे तर पुरते फसवावे. हरणाबाईचा अंगठा घेतला. ती पोराला घेऊन तिच्या उंबऱ्याच्या आत गेली.

आता मागच्या बाजूवर आवक लिहायची, तेवढ्यात दगडोबा धावत आला. तपासणीला साहेब आले होते. मी तसाच गेलो. जगदेवीने कोंडा देऊन पोर घरी आणले.

संध्याकाळी चिठ्ठी मागायला गेलो. हरणाबाईने ती बटव्यात ठेवली होती. लाजली. म्हणाली, मुन्शी, चार रोज राहू द्या माझ्यापाशी. माझ्या नावानं आजपतूर कुणी काय लिव्हलं न्हाय. मला नाही म्हणवले नाही.

६ नोव्हेंबर, शनिवार.

ताप पूर्ण गेला. तिप्पण्णा (असेच म्हणायचे ठरले आहे) अंगणभर पळतो. भिंतीवरचे नाव मी चुन्याने झाकले. हरणाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला बटवा उघडून कागद दाखवते. उलटा धरते. दगडोबा तिला म्हणाला, म्हातारे, बैलाची हाय ती चिठ्ठी. ती म्हणाली, जळतोस का रे? आवक मी उद्या तिचा अंगठा घेऊन लिहीन.

९ नोव्हेंबर, मंगळवार.

साहेब अजून मुक्कामाला आहेत. वेळ झाला नाही.

१४ नोव्हेंबर, रविवार.

हरणाबाई गेली. सकाळी दार उघडले नाही म्हणून जगदेवीने ढकलले. भिंतीला टेकून बसलेली होती. चेहरा शांत होता. बटवा रिकामा होता आणि चिठ्ठी उजव्या मुठीत होती.

आमच्या लिंगायत रीतीने बसवून पुरले. दगडोबाने खड्डा खणला. मूठ कोणी उघडली नाही. मी पुढेच उभा होतो. चार लोकांसमोर मेलेल्या बाईच्या हातातला कागद कसा मागायचा, हे मला कळले नाही. माती लोटताना मी वाट पाहत होतो की कोणीतरी काही म्हणेल. मीच म्हणायला हवे होते.

घरी आल्यावर तिप्पण्णा तिच्या बंद दाराकडे बोट करून 'अव्वा' म्हणाला. अव्वा म्हणजे आई. तिला तो हना म्हणायचा.

२७ नोव्हेंबर, शनिवार. अमावास्या.

एकतीस इंच. तीनदा मोजले. गज नाक्यावर नेऊन दुसऱ्या गजाशी ताडून पाहिला. गज बरोबर आहे. नवी रेघ पोळ्याच्या रेघेच्या खाली पडली.

जगदेवी म्हणाली, पोर वाकून उभे राहिले असेल. मग म्हणाली, झबले मोठे होते आहे, हे मी आठ दिवस बघते आहे.

१ डिसेंबर, बुधवार.

दात दहा. पडले नाहीत. हिरडीत खड्डा नाही. जगदेवीने बोट फिरवून पाहिले, तिथे नुसती गुळगुळीत हिरडी आहे, जशी दात येण्याआधी होती.

वैद्य म्हणाला, मुलाला सुकवा झाला आहे, लोणी चोळा. पण तो वाळलेला नाही. गाल भरलेले आहेत. फक्त लहान आहे.

५ डिसेंबर, रविवार.

अठ्ठावीस इंच. शब्द सहा. चालताना पडतो. पांगुळगाडा माळ्यावरून काढला. जगदेवीने येरमाळ्याची लहान झबली काढून धुतली आणि वाळत घातली. दोरीवर ती झबली पाहून दगडोबा म्हणाला, मुन्शीजी, आनंदाची बातमी दिसती. मी हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

९ डिसेंबर, गुरुवार.

रांगतो. रांगत दारापर्यंत जातो आणि समोरच्या घराकडे तोंड करून बसतो. उचलून फिरवले तरी मान तिकडे वळते. शब्द एकच. अव्वा. जगदेवीकडे बघून म्हणत नाही.

आज जगदेवीने विचारले, चिठ्ठीच्या मागच्या बाजूवर काय लिहिले होते. मी म्हणालो, काही नाही. ती पीठ मळत राहिली.

१२ डिसेंबर, रविवार.

चोवीस इंच. निजवून मोजतो. भिंतीवरच्या रेघा आता उपयोगाच्या नाहीत.

नाक्यावर कोऱ्या चिठ्ठीवर आवक लिहून पाहिली. सगळे रकाने भरले. अंगठ्याची जागा राहिली. तिथे हरणाबाईचाच अंगठा लागतो. आणि तीच चिठ्ठी लागते. नियम मीच लोकांना समजावतो.

१६ डिसेंबर, गुरुवार.

मान धरत नाही. पाळण्यात घातले. पाय बाहेर येत नाहीत.

दगडोबा सांगत होता, म्हातारीची माती वर आली हाय, सारवलेलं उकललंय. घूस शिरली असंल. जाऊन पाहिले. घूस नाही. बीळ नाही. माती सगळीकडून सारखी फुगली आहे. हात लावला. ऊन होती. दुपार होती, त्यामुळे असेल.

१८ डिसेंबर, शनिवार.

एकोणीस इंच. सगळे दात गेले. जन्मला तेव्हा सुइणीने दोरीने मोजले होते. ती दोरी जगदेवीपाशी आहे. बरोबर तेवढाच.

आता थांबेल असे मला वाटते. जन्माच्या मागे काही नसते.

२० डिसेंबर, सोमवार.

थांबला नाही. सतरा इंच. रडत नाही. डोळे मिटलेले. मुठी मिटलेल्या. गर्भासारखा गोळा होऊन असतो, सरळ केला की परत तसाच. बेंबी ओली आहे.

जगदेवी म्हणाली, तो तिच्याकडे चालला आहे. जिच्या नावावर आहे तिच्याच पोटी जायला निघाला आहे. हे ती रडत म्हणाली नाही. चूल फुंकता फुंकता म्हणाली.

२२ डिसेंबर, बुधवार.

चौदा. आईचे दूध घेत नाही. तरी पोट रिकामे वाटत नाही. कुठूनतरी —

मातीचा ढीग माझ्या कमरेपर्यंत आला आहे. लोक तिकडे जायला भितात. दगडोबा माझ्याशी थट्टा करत नाही.

२४ डिसेंबर, शुक्रवार.

अकरा. कातडीतून शिरा दिसतात. तीळ अजून आहे. डाव्या कानामागे. मीच लिहिला होता.

२५ डिसेंबर, शनिवार.

सात. वाटीत, कापसात ठेवला आहे. जगदेवी वाटीवर हात धरून बसून आहे. येळवशीचे सामान कोणीतरी देऊन गेले. भाज्या, हरभऱ्याचे घाटे. ते तसेच दारात —

२६ डिसेंबर, रविवार.

चार.

उद्या येळवस. सगळे गाव शेतात जाते. कडब्याच्या कोपीत दगडांचे पाच पांडव मांडतात, आंबील शिंपतात, दिवसभर तिथेच जेवतात. गावात कोणी नसते. स्मशानाच्या वाटेवर तर नाहीच. कुदळ दगडोबाची आणली. त्याने कशाला म्हणून विचारले नाही.

२७ डिसेंबर, सोमवार. येळवस.

सकाळी नऊ. तिथीने आज दोन वर्षे. सुपात कापूस, कापसात दुपटे, दुपट्यात तो. केवढा आहे ते मोजले नाही. जगदेवी आली आहे. सूप तिच्या मांडीवर. दौत, टाक, वही बरोबर घेतली. जे होईल ते होते तसे लिहीन, म्हणजे पुढे कोणी —

माती मऊ आहे. कोणीतरी आतून भुसभुशीत केल्यासारखी. शेतांतून लोकांचे ओरडणे ऐकू येते. आंबील शिंपत असतील.

साडेनऊ. डोके दिसले. बसलेली आहे. नासली नाही. दीड महिना झाला. केस ओले, अंग ओले, जसे बाळंतिणीचे —

पोट. लुगडे पुरत नाही इतके. डावा हात त्यावर ठेवलेला. आम्ही तसा ठेवला नव्हता. उजवी मूठ तशीच.

मूठ उघडली. सहज उघडली. चिठ्ठी कोरडी आहे. माझे अक्षर स्वच्छ आहे. कायम.

उलटी केली. लिहितो आहे. वहीवरच ठेवून लिहितो आहे. 'आवक. मुलगा एक. रेवणसिद्ध. वय दोन वर्षे पूर्ण. देणार हरणाबाई. घेणार कल्याणप्पा. किती काळाकरिता: कायम.' वेलांट्या तपासल्या. तिच्या अंगठ्याला शाई लावली. गरम आहे. टेकवतो —

उमटला. झाले. दोन्ही बाजू भरल्या.

जगदेवीला म्हणालो, बघ. ती दुपटे उलगडते आहे. घडी, घडी, घडी. कापूस झटकते आहे. सुपात —

रडण्याचा आवाज येतो आहे. नुकत्या जन्मलेल्याचा. मोठा. जगदेवीने ऐकला. हसली. सुपात बघते आहे आणि हसते आहे, आणि आता हसत नाही, कारण आवाज सुपातून नाही, आवाज खालून, हरणाबाईच्या लुगड्याच्या आतून, मी हात घातला तर, रीतसर आवक आहे, अंगठा आहे, माझेच आहे, डाव्या कानामागे तीळ असेल तर मी त्याला —

हाताला बोट लागले. लहान. धरले त्याने. ओढतो आहे, पण वर नाही. तो मला